मोठेपणी ग्रोथ हार्मोनची इंजेक्शने: डोस, मोजमाप आणि पहिले वर्ष

पिट्युटरीच्या (मेंदूच्या तळाशी असलेल्या, हार्मोन बनवणाऱ्या ग्रंथीच्या) गाठीचे ऑपरेशन होते, गोळ्या सुरू होतात, थायरॉइड आणि कॉर्टिसोल (ताणात शरीर सांभाळणारे हार्मोन) यांचे आकडे जागेवर येतात, तरी वर्षभरात पोट सुटते आणि दंड-मांड्या बारीक होत जातात. खाणे वाढलेले नसते. अशा वेळी पेशंटला हमखास ‘चालायला जा’ असे सांगून परत पाठवले जाते. चालणे चांगलेच, पण याच ग्रंथीतले ग्रोथ हार्मोन बनतच नसेल तर चरबी पोटाच्या आत साठत राहते, स्नायू घटतात आणि शरीरातले पाणीही कमी होते. हार्मोन बाहेरून दिले की तिन्ही गोष्टी उलट्या फिरतात, मात्र प्रत्येक आपापल्या वेगाने.

वजनकाट्यावर यातले जवळपास काहीच दिसत नाही. १९८९ साली लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये २४ प्रौढांवर सहा महिन्यांची चाचणी झाली. हार्मोन मिळालेल्यांची चरबी सरासरी ५.७ किलोने उतरली, चरबीविरहित वजन ५.५ किलोने वाढले आणि एकूण वजन होते तिथेच राहिले. त्या पेशंटांनी फक्त काटा पाहिला असता तर औषध फुकट गेले असेच म्हटले असते. (तेव्हाचे डोस आजच्यापेक्षा बरेच मोठे होते, त्यामुळे इतक्या मोठ्या आकड्यांची अपेक्षा आज धरू नये.)

हे कोणासाठी आहे

पिट्युटरीचे ऑपरेशन किंवा डोक्याला रेडिएशन झालेले, क्रॅनिओफॅरिंजिओमाचे (पिट्युटरीजवळच्या गाठीचे) पेशंट, डोक्याला जबर मार बसलेले आणि लहानपणापासून कमतरता असलेले, हे नेहमीचे गट. आपल्याकडे आणखी दोन गट सहज नजरेतून सुटतात. एक, बाळंतपणात अतिरक्तस्राव झालेल्या बायका: अंगावरचे दूध आले नाही, पाळी परत सुरू झाली नाही आणि पुढची दहा वर्षे ‘अशक्तपणा’ म्हणून टॉनिकवर गेली, तर शीहान सिंड्रोमचा (अतिरक्तस्रावाने पिट्युटरी निकामी होण्याचा) विचार व्हायलाच हवा. दुसरा गट घोणस चावून वाचलेल्यांचा. त्या विषाने पिट्युटरीचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि त्याचे परिणाम काही वेळा वर्षांनी दिसतात.

पिट्युटरी धडधाकट असलेल्याने जिममधल्या कुणाच्या सांगण्यावरून हे इंजेक्शन घेणे हा या लेखाचा विषय नाही. कमतरता नसताना मिळते ती मुख्यतः सूज, सांधेदुखी आणि वाढलेली साखर. खेळाडूंसाठी ते प्रतिबंधित द्रव्यांच्या यादीतही आहे.

निदान: कुठली तपासणी, कुठली नाही

सकाळी रक्त काढून केलेली नुसती ‘ग्रोथ हार्मोन’ची तपासणी मोठ्या माणसात निरुपयोगी. हे हार्मोन दिवसभरात झटक्याझटक्याने सुटते आणि दोन झटक्यांच्या मधे धडधाकट माणसातही जवळपास शून्य असते. आयजीएफ-१ (ग्रोथ हार्मोनमुळे मुख्यतः यकृतात बनणारे द्रव्य) याचा आकडा दिवसभर स्थिर राहतो, म्हणून सुरुवात तिथून करायची. तो कमी आहे आणि पिट्युटरीची इतर तीन किंवा अधिक हार्मोन्सही कमी आहेत, तर निदान पक्के धरतात. पुढची उत्तेजक चाचणी (औषध देऊन हार्मोन सुटते का ते पाहणारी) लागत नाही. याउलट आयजीएफ-१ नॉर्मल आला म्हणून कमतरता नाही, असेही म्हणता येत नाही.

चाचणी लागलीच तर दोन पर्याय. पहिला इन्सुलिनचा: शिरेतून साधारण ०.१ युनिट प्रति किलो देऊन साखर ४० मिग्रॅच्या खाली आणायची आणि त्यानंतरचा ग्रोथ हार्मोनचा उच्चांक पाहायचा. तो ५ नॅनोग्रॅमपर्यंतही पोचला नाही तर कमतरता. फिट येणारे, हृदयविकाराचे आणि उतारवयातले पेशंट यांना ही चाचणी द्यायची नाही. इतरांचीही डॉक्टर शेजारी उभे असताना, शिरेत सुई आणि हाताशी ग्लुकोज ठेवूनच करायची. दुसरा पर्याय ग्लुकागॉनचा (साखर वाढवणाऱ्या हार्मोनचा): १ मिग्रॅ स्नायूत, ९० किलोवरच्यांना १.५ मिग्रॅ, आणि पुढे तीन-चार तास दर अर्ध्या तासाने नमुने. इथे सीमारेषा ३ नॅनोग्रॅमची. लठ्ठ माणसात १ ची, कारण लठ्ठपणामुळेच हार्मोनचा प्रतिसाद दबतो. ही सीमारेषा खाली न आणल्यामुळे नुसत्याच लठ्ठ असलेल्या माणसावर ‘कमतरता’ असा शिक्का बसतो. चाचणी संपली की पोटभर खाऊनच घरी निघा, साखर उशिरा उतरू शकते. मुलांमध्ये वापरतात ती क्लोनिडिनची चाचणी प्रौढांसाठी भरवशाची नाही.

चाचणीच्या आधी थायरॉइड आणि कॉर्टिसोल भरून काढलेले असले पाहिजेत. नाहीतर निकाल चुकतो, आणि कॉर्टिसोल कमी असताना इन्सुलिनची चाचणी धोक्याची ठरते.

पहिल्या इंजेक्शनच्या आधी मोजून ठेवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. सहा महिन्यांनी तुलना करायला मग हातात काहीच उरत नाही.

कंबर. सकाळी, उपाशीपोटी, शौचाला जाऊन आल्यावर. सर्वांत खालच्या बरगडीची कडा आणि खुब्याच्या हाडाची वरची कडा बोटांनी चाचपा, दोन्हींच्या मधोमध पेनाने खूण करा. टेप जमिनीला समांतर ठेवा, श्वास सहज सोडा आणि वाचा. पोट आत ओढायचे नाही, टेप कातडीत रुतू द्यायचा नाही. तीनदा मोजून सरासरी लिहा. पँट बांधतो ती कंबर धरू नका. ती पोटाच्या खाली असते आणि पोट कमी झाले तरी हलत नाही. आपल्या लोकांसाठी पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० ही धोक्याची रेषा मानतात.

डेक्सा (क्ष-किरणांनी हाडे, चरबी आणि स्नायू मोजणारा स्कॅन). केंद्रावर फोन करतानाच ‘पूर्ण शरीराची, चरबी-स्नायूंच्या प्रमाणाची’ असे स्पष्ट सांगा. नुसते ‘डेक्सा’ म्हटले तर मणका आणि खुब्याची हाडांची घनता काढून देतात. ती तर हवीच, पण सोबत पूर्ण शरीराची हवी. लघवी करून, दागिने आणि कमरेचा पट्टा काढून झोपा. पुढच्या वेळी तेच केंद्र, तेच मशीन. वेगळ्या कंपनीच्या मशीनवरचे आकडे शेजारी ठेवून काही अर्थ लागत नाही.

जिममधल्या किंवा घरच्या काट्यावरच्या ‘बॉडी फॅट’ आकड्यावर इथे मुळीच जाऊ नका. ते यंत्र शरीरातून बारीक वीजप्रवाह सोडून पाण्याचा अंदाज घेते आणि त्यावरून स्नायू ठरवते. ग्रोथ हार्मोनने पहिल्या आठवड्यांत पाणीच वाढते. म्हणजे दुसऱ्याच आठवड्यात यंत्र ‘स्नायू वाढले’ म्हणून सांगणार. तेच पाणी डेक्सामध्येही चरबीविरहित वजनात मोजले जाते, म्हणून दुसरी डेक्सा सहा महिन्यांच्या आत करण्यात पैसे घालू नका.

बाकी: उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), कोलेस्टेरॉल, फ्री टी४ (रक्तातले मोकळे थायरॉइड हार्मोन), सकाळी आठचे कॉर्टिसोल, आयजीएफ-१, पिट्युटरीचा एमआरआय. मधुमेह असेल तर डोळ्याच्या पडद्याची तपासणी. ताकदीसाठी मुठीच्या पकडीचे यंत्र असेल तर उत्तम. नसेल तर हात छातीशी घेऊन खुर्चीवरून ३० सेकंदांत किती वेळा उठता येते ते मोजा.

सध्या कुठलाही कॅन्सर असेल, मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या फुटत असतील, किंवा माणूस आयसीयूत गंभीर असेल, तर हे औषध नाही. गरोदरपणात बंद करतात. आणखी एक शंका वडीलधाऱ्या मंडळींकडून येते: हे मेलेल्या माणसांच्या ग्रंथीतून काढतात ना? पूर्वी काढत असत. त्यातून मेंदूचा जीवघेणा आजार पसरल्याचे लक्षात आल्यावर १९८५ मध्ये ते थांबले. आजचे सगळे हार्मोन प्रयोगशाळेत जनुकीय तंत्राने बनवलेले असते.

डोस: कमीपासून सुरू, वजनावर नाही

मुलांना किलोमागे डोस देतात, मोठ्यांना तसा द्यायचा नाही. सुरुवातीच्या काळात वजनावरून डोस दिले आणि जाड माणसे सुजली. आजची पद्धत वयावर चालते:

– तिशीच्या आत: रोज ०.४ ते ०.५ मिग्रॅ
– ३० ते ६०: रोज ०.२ ते ०.३ मिग्रॅ
– साठीच्या पुढे, किंवा मधुमेह वा त्याची सुरुवात असेल तर: रोज ०.१ ते ०.२ मिग्रॅ

दर एक-दोन महिन्यांनी आयजीएफ-१ पाहून ०.१ ते ०.२ मिग्रॅने वाढवत जायचे. वयानुसार नॉर्मल पट्ट्याच्या मध्यापासून वरच्या कडेच्या आत आकडा बसला आणि त्रास नाही, की तिथेच थांबायचे. प्रत्येक लॅबचा पट्टा वेगळा असतो, म्हणून लॅब बदलू नका, आणि रिपोर्टवर तुमच्या वयाचाच पट्टा छापला आहे ना, ते बघा. पंचविशीच्या पोराचा नॉर्मल आकडा सत्तरीच्या आजोबांसाठी जास्त असतो.

इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेणाऱ्या बाईला त्याच परिणामासाठी जास्त डोस लागतो, कारण तोंडावाटे गेलेले इस्ट्रोजेन यकृतात आयजीएफ-१ बनू देत नाही. पट्टी किंवा जेल वापरले की हा प्रश्न मिटतो. मात्र गोळीवरून पट्टीवर जाताना ग्रोथ हार्मोन कमी केले नाही, तर महिनाभरात बोटे सुजतात.

आता सर्वांत जास्त चुका होतात ती जागा. प्रिस्क्रिप्शन मिलिग्रॅममध्ये, कुपीवर आययू (औषधाच्या ताकदीचे आंतरराष्ट्रीय युनिट) आणि हातात इन्सुलिनची सिरिंज. १ मिग्रॅ म्हणजे ३ आययू. ०.२ मिग्रॅ म्हणजे ०.६ आययू. ४ आययूच्या कुपीत १ मिलिलिटर पाणी घातले तर ०.६ आययू येतात ०.१५ मिलिलिटरमध्ये, म्हणजे १०० युनिटवाल्या, नारिंगी टोपणाच्या इन्सुलिन सिरिंजवर १५ व्या रेघेपर्यंत. त्या सिरिंजवरचे ‘युनिट’ इन्सुलिनचे आहेत, ग्रोथ हार्मोनचे नाहीत. इथे एक रेघ म्हणजे फक्त ०.०१ मिलिलिटर. चार आययू भरायचे म्हणून कुणी चौथ्या रेघेपर्यंत भरले, तर प्रत्यक्षात ०.१६ आययूच जातात. ४० युनिटवाली सिरिंज घरात असेल तर ती यासाठी वापरूच नका. आणि पाणी १ ऐवजी २ मिलिलिटर घातले तर सगळे गणित बदलते. डॉक्टरांकडून मिलिग्रॅम, आययू, मिलिलिटर आणि रेघ, चारही एकाच कागदावर लिहून घ्या आणि तो कागद फ्रिजच्या दारावर चिकटवा.

औषध भरलेले इंजेक्शनचे पेन असेल तर हा गोंधळ नाही, तिथे हिशोब दिवसांचा. उघडल्यावर बहुतेक पेने फ्रिजमध्ये चार आठवडे चालतात, नेमके आपल्या पेनच्या पत्रकात वाचा. रोज ०.२ मिग्रॅ घेणाऱ्याला ५ मिग्रॅचे पेन जेमतेम २५ दिवस पुरते, म्हणजे बरोबर बसते. तोच माणूस ‘मोठे स्वस्त पडते’ म्हणून १० मिग्रॅचे घेईल तर २८ दिवसांत ५.६ मिग्रॅ वापरून उरलेले फेकून देईल.

आठवड्यातून एकदाच घ्यायची इंजेक्शनेही निघाली आहेत. सोमापॅसिटानला अमेरिकेत २०२० मध्ये प्रौढांसाठी परवानगी मिळाली. त्यात आयजीएफ-१ आठवडाभर वरखाली होतो, म्हणून रक्त कुठल्या दिवशी काढायचे ते आधी ठरवून घ्या. दुसऱ्या दिवशी काढलेला आकडा पाहून डोस कमी केला तर उगाच कमी होईल.

टोचणे आणि साठवणे

रात्री झोपताना घ्या. शरीर स्वतःही हे हार्मोन मुख्यतः पहिल्या गाढ झोपेत सोडते. पोट किंवा मांडी, रोज जागा दोन बोटे सरकवायची. एकाच ठिकाणी टोचत राहिले की तिथली चरबी विरघळून खळगा पडतो. फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटे बाहेर ठेवले तर झोंबणे कमी होते. नवी सुई, एक थेंब हवेत सोडून खात्री, चार-पाच मिलिमीटरची सुई सरळ आत, बटण पूर्ण दाबून दहापर्यंत मोजा, मग बाहेर काढा. सुई पेनला लावून ठेवू नका, गळते आणि हवा शिरते.

पावडरची कुपी असेल तर पाणी काचेच्या कडेने हळू सोडा आणि कुपी तळहातांत फिरवा. हलवून फेस काढला की प्रथिन बिघडते. गढूळ किंवा कणीदार दिसले तर टाकून द्या. सोबतच्या पाण्यात औषध टिकवण्याचे द्रव्य नसेल, तर ती कुपी २४ तासांत संपवायची.

तापमान २ ते ८ अंश. फ्रीझरच्या थेट खाली किंवा मागच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. एकदा गोठलेले औषध वितळून नितळ दिसले तरी गेले. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे तासन् तास वीज जात असेल, तर बर्फाची पिशवी टॉवेलात गुंडाळून तिच्याशेजारी डब्यात ठेवा. माठाजवळचा गारवा पुरत नाही. एक डोस चुकला तर चुकला, दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका.

पहिले तीन महिने: पाण्याचा काळ

हे हार्मोन मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावते. कमतरतेत शरीर थोडे कोरडेच असते, म्हणून काही पाणी यायलाच हवे. एक-दोन किलो वजन चढले तर घाबरू नका आणि जेवण तोडू नका. जास्त झाले की ते बोटांत कळते. अंगठी निघत नाही, पायातली जोडवी रुततात, सकाळी मुठी आवळत नाहीत, सांधे दुखतात, रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊन जाग येते. ही शेवटची तक्रार म्हणजे मनगटातल्या नसेवर सुजेचा दाब. वयस्कर आणि जाड माणसांत हे जास्त. डॉक्टरांना सांगून डोस निम्म्यावर आणला की काही आठवड्यांत उतरते; मग पुन्हा अगदी हळू वाढवायचा. वेदनाशामक घेऊन तोच डोस रेटणे चुकीचे. डोके ठणकते आणि नजर धूसर होते असे दोन्ही असेल तर इंजेक्शन थांबवून लगेच डोळे दाखवा.

साखरही याच काळात वर जाते. मधुमेह असेल तर पहिले दोन महिने घरच्या यंत्रावर जास्त वेळा तपासा, औषध वाढवावे लागू शकते.

कॉर्टिसोल आणि थायरॉइडचा फेर

सर्वांत धोक्याची गोष्ट सुजेची नाही. ग्रोथ हार्मोन सुरू झाले की शरीरात निष्क्रिय कॉर्टिसोनचे कॉर्टिसोलमध्ये होणारे रूपांतर मंदावते. हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसोलची गोळी) घेणाऱ्याला काल पुरत होते तेवढे आज कमी पडू शकते. आणि ज्याचे कॉर्टिसोल काठावर होते, त्याची कमतरता उघडी पडते. इंजेक्शने सुरू झाल्यावर काही आठवड्यांत मळमळ, उलट्या, उभे राहिल्यावर अंधारी, न संपणारा थकवा असे सुरू झाले तर तो ‘औषधाचा त्रास’ म्हणून सोडून देऊ नका. उलट्यांमुळे गोळी पोटात राहत नसेल तर हायड्रोकॉर्टिसोन १०० मिग्रॅचे इंजेक्शन घेऊन दवाखाना गाठायचा. तापात हायड्रोकॉर्टिसोनचा डोस दुप्पट करण्याचा नियम आधीसारखाच पाळायचा.

थायरॉइडचेही असेच. टी४ चे टी३ या जास्त जोरकस थायरॉइड हार्मोनमध्ये रूपांतर वाढते आणि फ्री टी४ खाली येतो. सहा ते आठ आठवड्यांनी फ्री टी४ तपासा. पिट्युटरी बिघडलेल्या माणसात टीएसएच (पिट्युटरीकडून थायरॉइडला जाणारे हार्मोन) पाहून थायरॉक्सिनच्या गोळीचा डोस ठरवता येत नाही, तरी लॅबच्या पॅकेजात तेवढेच असते. फ्री टी४ वेगळा मागून घ्या.

पुढचे महिने आणि थांबण्याचा निर्णय

कंबर तीन ते सहा महिन्यांत उतरू लागते. पोटाच्या आतली चरबी आधी जाते, कातडीखालची मागून. खराब कोलेस्टेरॉलही थोडे घटते. स्नायू वर्षभर वाढत राहतात, पण ताकद त्यांच्या मागून येते आणि तीही वापरली तरच. आठवड्यातून दोनदा तरी वजन उचलण्याचा किंवा उठाबशांचा व्यायाम हवा. जेवणात किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, अंड्यात सहा, ५० ग्रॅम बेसनाच्या पिठल्यात दहाच्या आसपास, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८. वरण-भातावर हे गणित बसत नाही, ठरवून खावे लागते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी विचारा.

हाडांच्या बाबतीत धीर धरा. पहिल्या वर्षी घनता तशीच राहते किंवा किंचित घटतेही, कारण जुने हाड झिजवण्याचे काम आधी वेग घेते. वाढ दीड-दोन वर्षांनी दिसते, म्हणून हाडांची डेक्सा दीड-दोन वर्षांनीच करा.

डोस स्थिरावल्यावर दर सहा महिन्यांनी आयजीएफ-१, साखर, फ्री टी४ आणि कंबर. वर्षाने पूर्ण शरीराची डेक्सा आणि कोलेस्टेरॉल. गाठीचा काही भाग उरला असेल तर एमआरआय ठरल्याप्रमाणे.

वर्ष-दीड वर्ष आयजीएफ-१ योग्य पट्ट्यात असूनही कंबर, डेक्सा, ताकद आणि रोजचा उत्साह यांपैकी काहीच हलले नसेल, तर औषध बंद करून पाहणे रास्त आहे. ब्रिटनमध्ये २००३ पासूनचा नियम तर याहून कडक आहे: नऊ महिन्यांनी जीवनमानाच्या प्रश्नावलीत ठरलेली सुधारणा दिसली नाही तर सरकारी खर्चाने पुढे मिळत नाही. बंद करताना हार्मोन टप्प्याटप्प्याने उतरवावे लागत नाही. मात्र त्या दिवशीची कंबर आणि वजन लिहून ठेवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. चरबी परत चढली, तर औषध काम करत होते हे तेव्हा कळते आणि पुन्हा सुरू करण्याबद्दल डॉक्टरांशी आकडे हातात घेऊन बोलता येते.